गार्डसाहेब आणि माझे सतरा दिवस

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला खोलीतले दोष दाखवले.

"हे पाहा बाई, या कोपऱ्यात विंचू निघाला होता. एकच निघाला, पन निघाला. पंखा तीन नंबरवर लय आवाज करते. सात वाजल्यानंतर नळाले पानी नाई. आन भिंतीपलीकडची बाई भांडखोर हाय."

भिंतीपलीकडची बाई म्हणजे त्यांची बायको. तिने स्वयंपाकघरातूनच पातेलं आपटून या माहितीवर शिक्कामोर्तब केलं. मी विचारलं, "काका, चांगलं काही आहे का खोलीत?" त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "छत गरत नाई." मग लगेच, "म्हंजे यंदा नाई गरलं." मी खोली घेतली. गोंदियात तोवर पाच खोल्या पाहिल्या होत्या आणि पाचही घरमालकांनी आपापली खोली राजवाडा असल्यासारखी दाखवली होती. त्यामानाने विंचू बरा.

ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून निवृत्त झाले. गल्लीत सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत, आणि त्यांची बायकोही म्हणे, पण तिच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा यायचा. नोकरी सुटली तरी त्यांनी नोकरी सोडली नव्हती. घरात एक जाड वही होती, तिला ते जर्नल म्हणत. गाडीवर असताना गार्डला प्रवासात काय काय झालं, किती वाजता झालं, कोणाच्या चुकीने झालं, हे सगळं लिहावं लागतं. ती सवय घरात शिरली होती. "नळ ५.५२ ला आला, सात मिनिटं लेट. पत्नी देवळातून ९.१७ ला परत. भाजीत मीठ नाही, चूक पत्नीची. पत्नीला सांगितले, चूक माझी." त्या वहीत खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, ती अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. "मिटवलं म्हंजे चोरी," ते म्हणायचे. "कापलं म्हंजे चूक. चूक चालते."

खरं सांगायची त्यांना एवढी हौस होती की विचारायची वाट पाहणं त्यांना जमतच नसे. दुकानदाराने शंभराऐवजी एकशेवीस ग्रॅम चहा दिला तर ते परत जात, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकवून दुकानदाराचा काटा बिघडलाय हेही सांगत. दुकानदार त्यांना पाहिलं की शटर ओढायचा. त्यांच्या मुलीला पाहायला कोहमाऱ्याहून पाहुणे आले होते, हायवेवर ढाबा असलेलं घर. पोह्याची बशी हातात येण्याआधी यांनी सुरुवात केली: पोरगी तापट आहे, नववीत एकदा नापास झाली, पोळ्या नकाशासारख्या करते, आणि मी स्वतः झोपेत घोरतो, तुमच्याकडे मुक्कामाला आलो तर त्रास होईल. मग मुलाच्या काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही घसा खाकरून सांगितलं की मुलाचा आधी एक साखरपुडा मोडलाय. मुलाच्या बापाने काकांकडे असं पाहिलं की काका ढाब्यावर परत जाणार की नाही अशी शंका यावी. लग्न झालं, चांगलं चाललंय, पण मुलगी हळदीपर्यंत बापाशी बोलली नाही.

तर अशा घरात मी राहायला आले. का आले तेही सांगते, नाहीतर गार्डसाहेब ओरडतील.

मी पायलट आहे. म्हणजे लायसन्स होतं, विमान नव्हतं. माझं गाव कामठा. गावाजवळच धावपट्टी आहे, लहानपणापासून डोक्यावरून विमानं फिरताना पाहिली; प्रशिक्षणाला मात्र सरकारी योजनेने मला दुसऱ्या राज्यात पाठवलं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दीक्षा घेतलेल्या आजोबांची नात विमान चालवणार म्हणून गावाने बुद्धविहारात माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं, सगळं. मग मी लायसन्स घेऊन आले आणि घरी बसले. विमान कंपन्यांनी भरती थांबवली होती. गावात रोज कोणीतरी विचारायचं, "का वं पोरी, कधी उडवतेस?" आणि दुसरं कोणी विचारायचं, "लगीन कधी करतेस?" दोन्ही प्रश्न चुकवायला गोंदियात खोली घेतली आणि एका कोचिंग क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवू लागले. पोरं मला 'एरोप्लेन मॅडम' म्हणत. तोंडावर नाही, एवढी सभ्यता त्यांच्यात होती.

लायसन्स आणि कोचिंग यांच्या मधे एक नोकरी लागली होती. सतरा दिवस.

एका लहान कंपनीकडे एकच विमान होतं, आठ माणसांचं. पुढाऱ्यांना, कारखानदारांना भाड्याने द्यायचं. मी सहवैमानिक, म्हणजे शेजारी बसायचं, कागद भरायचे आणि उड्डाणाआधी विमानाला एक फेरी मारून सगळं जागच्या जागी आहे का ते पाहायचं. विमानाच्या बाहेर एक बोटभर नळी असते. तिच्यात हवा शिरते त्यावरून आतल्या काट्याला वेग कळतो. विमान उभं असताना तिच्यात माती-किडे जाऊ नयेत म्हणून कापडी टोपी घालतात, तिला लाल पट्टी असते, 'उडण्याआधी काढा' असं लिहिलेली. सतराव्या दिवशी मी ती काढली नाही. विमान धावपट्टीवर पळू लागलं आणि वेगाचा काटा शून्यावर. कॅप्टनने ब्रेक मारले, मागे बसलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर सरबत सांडलं. कोणाला काही झालं नाही. संध्याकाळी मालकाने सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

घरी मी सांगितलं, कंपनी बंद पडली. वडिलांनी गावात सांगितलं, कंपनी बंद पडली. अशा रीतीने धडधाकट चालणारी एक कंपनी आम्ही बापलेकींनी बंद पाडली.

दोन-अडीच वर्षांनी एका मोठ्या कंपनीची जाहिरात आली. लायसन्स जिवंत ठेवायला ठरावीक काळाने तपासण्या कराव्या लागतात, थोडं उडावं लागतं. माझं सगळं शेवटाला आलं होतं. ही संधी गेली तर मी जन्मभर एरोप्लेन मॅडम राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. अर्जात रकाना होता: याआधीच्या सर्व नोकऱ्या, कालावधी, सोडण्याचं कारण.

माझ्यासोबत शिकलेल्या एका मित्राला फोन केला. तो हसला. "सतरा दिवस कोण लिहितं, पगली? सोड ना." पण ते इतकं सोपं नव्हतं. आमच्याकडे लॉगबुक असतं, प्रत्येक उड्डाण त्यात लिहावं लागतं, विमानाच्या नंबरासकट. त्या सतरा दिवसांतले अकरा तास वीस मिनिटं माझ्या लॉगबुकात बसले होते. मित्राकडे त्यावरही इलाज होता: नवीन लॉगबुक घे, तेवढं वगळून सगळं उतरवून काढ, सह्यांचं पाहू. "सब करते हैं," तो म्हणाला. आपल्या देशात या तीन शब्दांवर पूल उभे राहतात आणि पडतातही.

मी नवीन लॉगबुक आणलं. एका दुपारी, लाइट गेलेली, दार उघडं टाकून उतरवायला बसले. गार्डसाहेब काकूंनी दिलेलं ताक घेऊन आले. टेबलावर दोन वह्या, एक जुनी, एक नवी, एकीवरून दुसरीत माझं बोट सरकत होतं. चौतीस वर्षं वह्या भरलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"का करून राहिली?"

"काही नाही काका. जुनी खराब झाली."

त्यांनी जुनी वही उचलली, पानं चाळली. "मस्त तं हाय. काऊन खोटं बोलून राहिली?"

मग मी सगळं सांगितलं. टोपी, लाल पट्टी, सरबत, सतरा दिवस. सांगताना रडूही आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. मला वाटलं आता भाषण होणार. ते खाली बसले आणि म्हणाले, "मी मागच्या डब्यात बसत होतो. पुढं डायवर कोन हाय, मले दिसत नोहोता. कधी तोंडपन पाहत नोहोतो. तरी झोपत होतो मी, बाई. ड्युटीवर झोपाचं नाई, पन डुलकी लागे. कोनाच्या भरोशावर?"

"काका, सतरा दिवसांची गोष्ट आहे."

"तुह्या मांगं दीडशे लोक बसतीन. ते बी डुलकी घेतीन." आणि उठून, "ताक पी. आंबट हाय जरा."

झालं! त्या दीडशे लोकांनी माझी झोप उडवली. चार दिवस मी त्यांच्यावर चिडून होते. चांगलं चाललं होतं माझं, फसवायचं ठरवलं होतं, पेन आणलं होतं! पाचव्या दिवशी मी नवीन लॉगबुक अर्धवट ट्रंकेत टाकलं आणि अर्ज घेऊन त्यांच्याकडे गेले. "घ्या, सांगा काय लिहू कारण." मी आधी 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिणार होते.

"वैयक्तिक म्हंजे का? नवरा परून गेला काय तुहा?" ते म्हणाले. "लिही. निष्काळजीपणा. काढून टाकलं."

"काका, एवढं उघडं?"

"मंग बंद काऊन लिहाचं?"

लिहिलं. मुलाखत दिल्लीच्या बाजूला एका मोठ्या हॉटेलात होती. तीन माणसं, तिघांच्या टाय एकसारख्या. एकाने अर्ज वाचला, भुवया उंचावल्या आणि दुसऱ्याकडे सरकवला. "सतरा दिवस तुम्ही स्वतःहून लिहिलेत? फार प्रामाणिक आहात." दुसरा म्हणाला, "हल्ली असं दिसत नाही." तिसऱ्याने मला चहा ओतून दिला. काय झालं, कसं झालं, एकानेही विचारलं नाही. पुढचे प्रश्न ढगांवर आणि इंजिनावर आले, मी सगळ्यांची उत्तरं दिली, बाहेर येताना तिघांनीही हात मिळवला. दोन दिवसांनी ईमेल आला: खेद आहे. माझ्या त्या मित्राने बारा दिवसांची एक नोकरी गिळून टाकली होती. त्याची निवड झाली. पेढ्यांचा फोटो पाठवला त्याने.

मी स्टेशनवरून ऑटो केली आणि बॅग घेऊन थेट त्यांच्या ओसरीवर गेले. आयुष्यात एवढी कोणावर ओरडले नाही. "झालं समाधान? खरं बोलले मी! चहा मिळाला! तुमचं काय गेलं? तुमची नोकरी झाली, पेन्शन चालू आहे, विंचवाची बातमी द्यायला गल्ली आहे. माझं काय? मी आता म्हातारी होईपर्यंत प्रकाशाचं परावर्तन शिकवू?" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या गच्चीवर दोन बायका पापड वाळवायला आल्या होत्या, त्या पापड सोडून ऐकायला लागल्या. मी शेवटी म्हटलं, "तुम्ही असं कधी केलंय का? स्वतःच्या नोकरीच्या वेळी?"

"नाई," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"मी नाई सांगतलो," ते म्हणाले. "म्हून लागली नोकरी."

काकूंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनाही हे माहीत नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते अभिमानाने सांगत आले होते की रेल्वे ही आपली पहिली आणि शेवटची नोकरी.

रेल्वेच्या आधी ते एका बिडी कारखान्यात चेकर होते. नऊ दिवस. बाया घरी बिड्या वळून टोपलीत आणतात, चेकर त्यातल्या खराब बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. छाटलेल्या बिड्यांचे पैसे बाईला मिळत नाहीत, पण बिड्याही परत मिळत नाहीत. मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चांगली असो, खराब असो, प्रत्येक टोपलीतून दोन मुठी छाट निघालीच पाहिजे. ते आठ दिवस काढत होते. नवव्या दिवशी रांगेत त्यांची मोठी माय आली, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, जिने यांना लहानाचं मोठं केलं.

"मले वाटलं, तिले सोडून देईन. मालक मांगंच उभा होता," ते म्हणाले. "दोन मुठी काढलो. ते काई नाई बोल्ली. टोपलं उचललं आन गेली."

दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यात गेले नाहीत. चार महिन्यांनी रेल्वेची मुलाखत झाली. साहेबाने विचारलं, याआधी कुठे काम केलं? हे म्हणाले, कुठं नाही साहेब, शेतीच. कारण कुठे काम केलं हे सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, काऊन सोडलं.

"मंग रोज वाटे, आता कोनी इचारंन. साहेब इचारंन, मोठी माय इचारंन. ते मरेपर्यंत नाई बोल्ली. चौतीस साल झाले, रिटायर झालो, हार घातले. कोनीच इचारलं नाई, पोरी."

मी बॅग उचलून खोलीत गेले. त्यांच्यावर दया येत होती आणि संतापही जात नव्हता. चहाच्या वीस ग्रॅमसाठी भर दुपारी दुकानापर्यंत चालत जाणारा हा माणूस! सगळ्या गावाची बारीकसारीक खरी गोष्ट सांगत हिंडला आणि जी सांगायची ती पोटात ठेवून बसला. आणि स्वतः जे धाडस केलं नाही ते करायला माझी नोकरी वापरली. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बराबर हाय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग बोलू लागल्या, पण गार्डसाहेब म्हणणं बंद झालं. त्या त्यांना नावाने हाक मारू लागल्या, आणि ते दर हाकेला दचकत.

वर्षभराने दुसऱ्या एका कंपनीची जाहिरात आली. तोच रकाना. घरून पैसे मागवून कशीबशी लायसन्सची मुदत सांभाळली होती. आता मात्र ही खरोखर शेवटची. मी अर्ज घेऊन बसले तसे ते दारात आले. आत आले नाहीत.

"या खेपेले लपव," ते म्हणाले. "तुही मर्जी. मी पाहनार नाई." आणि खरोखर पाठ करून ओसरीवर बसले, तोंड रस्त्याकडे.

मी ट्रंक उघडली. अर्धवट नवीन लॉगबुक काढलं, जुनं काढलं, दोन्ही शेजारी ठेवली. तासभर बसले. नवीन वही पूर्ण करायला दोन दिवस पुरले असते. खरेपणाचं मला काही कौतुक उरलं नव्हतं, त्याचा चहा मी पिऊन आले होते. पण ओसरीवर ती पाठ दिसत होती. नोकरी, पेन्शन, हार, सगळं मिळालेल्या माणसाची पाठ. तशी पाठ घेऊन चौतीस वर्षं विमान चालवायची माझी हिंमत झाली नाही. मी लिहिलं: सतरा दिवस, निष्काळजीपणा, काढून टाकलं.

मुलाखत हैदराबादला झाली. समोर एकच म्हातारा कॅप्टन आणि एक कागद लिहिणारी बाई. त्याने कौतुक केलं नाही, चहाही विचारला नाही. लॉगबुकातल्या त्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "सांगा." मी सांगितलं. तो थांबला नाही. फेरी कुठून सुरू केली? वारा कुठून होता? लाल पट्टी का दिसली नाही? मी म्हटलं, पट्टी वाऱ्याने टोपीभोवती गुंडाळली गेली होती. "ते पट्टीचं झालं. तुमचं काय?" मी म्हटलं, पाहुणे आले होते, मालक गाडीतून उतरत होता, मी नळीकडे हात नेला आणि मान मालकाकडे वळवली. हात लावला, पाहिलं नाही. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. "कॅप्टनने ब्रेक मारला नसता तर?" त्याने विचारलं. मी त्याचंही उत्तर दिलं. पंचवीस मिनिटं तो तेवढंच विचारत होता. मग म्हणाला, "ठीक. आता ढगांबद्दल बोलू."

नोकरी लागली, पण ती तीन आठवड्यांनी कळली. त्या दुपारी मला काहीच माहीत नव्हतं. हॉटेलातून बाहेर पडले, रस्त्याच्या कडेला एका पायरीवर बसले आणि गोंदियाला फोन लावला. उचलला त्यांनीच.

"झाली काका मुलाखत."

"सांगतली?"

"सांगितली."

त्यांनी हळूच विचारलं, "मंग? इचारलं काय त्यायनं?"

"हो काका. सगळं विचारलं. पंचवीस मिनिटं."

"सगरं?"

"सगळं."

"नशीबवाली हायेस, पोरी," ते म्हणाले आणि फोन ठेवला. नोकरीचं काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही.